रिकाम्या खुर्च्यांचा हिशेब

१५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानावर अमेरिकी फुटबॉलच्या दोन प्रतिस्पर्धी लीगांचे विजेते प्रथमच समोरासमोर आले. प्रेक्षक होते ६१ हजार ९४६. तरीही मैदानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा रिकामा होता. याच सामन्याला पुढे सुपर बोल हे नाव मिळाले. ते सुचविणारे लामार हंट त्या दिवशी हरलेल्या कॅन्सस सिटी चीफ्स संघाचे मालक होते. अमेरिकेत आज सर्वाधिक गाजणाऱ्या क्रीडोत्सवाची सुरुवात अशी रिकाम्या खुर्च्यांनी झाली. त्या पाहून खचून न जाणे, हाच हंट यांच्या आयुष्याचा विशेष.

१९३२ साली आर्कान्सामधील एल डोराडो येथे त्यांचा जन्म झाला. वडील एच. एल. हंट हे टेक्ससमधील धनाढ्य तेलसम्राट. महाविद्यालयीन संघात लामार यांचा बराचसा काळ राखीव खेळाडूंच्या बाकावरच गेला. प्रस्थापित नॅशनल फुटबॉल लीगने संघ देण्यास नकार दिला, तेव्हा १९५९ मध्ये या तरुणाने अमेरिकन फुटबॉल लीग ही दुसरी लीगच उभी केली. डॅलसमध्ये प्रेक्षक मिळेनात, म्हणून १९६३ मध्ये त्यांनी आपला संघ कॅन्सस सिटीला हलविला. १९७० पर्यंत प्रस्थापितांना या लीगचे सर्व दहा संघ सामावून घ्यावे लागले.

सॉकरने मात्र त्यांची कठोर परीक्षा पाहिली. १९६७ मध्ये त्यांनी डॅलस टोर्नेडो हा संघ काढला. १९६८ च्या हंगामात या संघाने ३२ पैकी अवघे दोन सामने जिंकले. त्या वर्षी सुरू झालेल्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगमध्ये १७ संघ होते. वर्षभरात पाचच उरले. हंट त्या पाचांत होते.

१९७५ मध्ये न्यूयॉर्क कॉसमॉसने पेले यांना आणले आणि चित्र पालटले. ऑगस्ट १९७७ मध्ये कॉसमॉसच्या एका सामन्याला ७७ हजारांहून अधिक लोक लोटले. सॉकर आता बेसबॉलला मागे टाकणार, असा समज पसरला. परंतु हा जमाव एका शहराचा आणि एका नावाचा होता. संपूर्ण लीगची सरासरी १५ हजारांपर्यंतही पोहोचली नाही. कॉसमॉसचे अनुकरण करीत इतरांनी खर्च वाढविला, उत्पन्न मात्र वाढले नाही. टोर्नेडो १९८१ नंतर विलीन झाला आणि १९८४ च्या हंगामानंतर लीगही बुडाली.

१९९४ च्या विश्वचषकाचे अमेरिकेतील ५२ सामने सुमारे ३६ लाख लोकांनी पाहिले; तोपर्यंतचा तो उच्चांक होता. त्यानंतर १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर सुरू झाली, तेव्हा साठी ओलांडलेले हंट पुन्हा पुढे आले. पहिल्या वर्षी १७ हजारांवर असलेली सरासरी २००० मध्ये १४ हजारांच्या खाली उतरली. २००२ च्या आरंभी दोन संघ बंद झाले आणि ही लीग हंट, अँशुट्झ व क्राफ्ट या तिघांच्या बळावर कशीबशी तगली.

या पडत्या काळातच हंट यांनी आपले सर्वांत मोलाचे काम केले. त्यांचा कोलंबस क्रू हा संघ विद्यापीठाच्या सुमारे ९० हजार आसनांच्या मैदानावर खेळे. पंधरा-अठरा हजार प्रेक्षक तेथे मूठभर भासत. म्हणून १९९९ मध्ये हंट यांनी सुमारे २२ हजार आसनांचे, खास सॉकरसाठी बांधलेले मैदान उभारले. प्रेक्षक तेवढेच राहिले, पण मैदान भरलेले दिसू लागले. तारखा आणि उत्पन्नही संघाच्या हाती आले. पुढे एकामागून एक शहरांनी हाच मार्ग धरला. डिसेंबर २००६ मध्ये हंट निवर्तले. पुढच्याच महिन्यात डेव्हिड बेकहॅम यांचा लॉस एंजेलिसशी करार झाला. पण या वेळी ताऱ्याच्या पाठीशी घर उभे होते.

२०२४ मध्ये या लीगच्या सामन्याची सरासरी प्रेक्षकसंख्या २३ हजारांच्या आसपास होती. बास्केटबॉलची सुमारे १८ हजार आणि आइस हॉकीची त्याहून थोडी कमी. तेव्हा सॉकरने दोघांना मागे टाकले, असा डंका पिटला जातो. तो फसवा आहे. ते खेळ बंदिस्त सभागृहांत, मर्यादित आसनांपुढे आणि कितीतरी अधिक वेळा होतात. बेसबॉलचे वर्षाचे प्रेक्षक सात कोटींवर, तर सॉकरचे सव्वा कोटीच्या आत. अमेरिकी फुटबॉलच्या सामन्याला सरासरी ६९ हजारांच्या आसपास लोक येतात. अटलांटासारखा संघ प्रचंड मैदानही भरतो, पण तो अपवाद होय.

म्हणून सॉकरची खरी वाढ इतरांवरील विजयात शोधू नये. १९७७ च्या गर्दीनंतर आठ वर्षांत लीग नाहीशी झाली होती. २००२ च्या ओहोटीनंतर मात्र ती टिकली, वाढली. गर्दी विकत आणता येते, प्रेक्षक घडवावा लागतो. हा धडा हंट स्वतःच्या पैशाने शिकले. आजच्या संघमालकांना तो फुकट उपलब्ध आहे. त्यांनी तो विसरू नये.