घाटकोपरच्या झोपडीतून गावाकडच्या मैनेपर्यंत : लोकशाहीर अण्णा भाऊ साठे

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. हेच पुढे अण्णा भाऊ. शाळा दीड दिवसात सुटली. पण भावकीतल्या बापू साठेंचा तमाशाचा फड होता. ढोलकी, तुणतुणं, पेटी ही वाद्यं अन् गाण्याची रग त्यांनी तिथंच उचलली.

गावात पोट भरेना, म्हणून लहानपणीच आईबापासोबत मुंबईची वाट धरली, तीही पायी. मुंबईत हमाली केली, गिरणीत राबले. पुढं कामगारांच्या चळवळीत शिरले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. फडात शिकलेला तमाशा त्यांनी सोडला नाही, बदलला. गणात गणपतीऐवजी मायभूमीला अन् शिवरायांना वंदन आलं, गवळण गेली, वगात सावकार आणि गिरणीमालक आले. मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, तेव्हा तोच खेळ लोकनाट्य म्हणून उभा राहिला.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड गावोगाव पोचली. गाण्यातला गडी गरिबीपायी बायकोला गावी ठेवून मुंबईला येतो. ज्या घरातला माणूस मुंबईला गेला होता, त्या प्रत्येक घराला हे गाणं आपलंच वाटलं. शेवटी अण्णा भाऊ तीच ताटातूट बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावला जोडतात. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला, पण हे भाग बाहेरच राहिले. म्हणून सीमाभागात ती छक्कड आजही जुनी झालेली नाही.

हे सगळं लिहिणारा माणूस कित्येक वर्षं घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिला. १९५९ ची ‘फकिरा’ कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. कथांवर सिनेमे निघाले, नाव झालं, पण हातात पैसा टिकला नाही. अखेरच्या काळात गोरेगावच्या सिद्धार्थनगरात सरकारी घर मिळालं. तिथंच १८ जुलै १९६९ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. वयाची ४९ वर्षं पुरी व्हायला दोन आठवडे उरले होते.

२००२ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. जयंतीला गावोगाव मिरवणुका निघतात. मैना मात्र अजून गावीच आहे, अन् गडी कामासाठी मुंबईच्या गाडीत.