९८.६ : एका आकड्याची गोष्ट

अंग गरम लागलं की थर्मामीटर निघतो आणि नजर शोधते ती एकाच आकड्याला : ९८.६. पारा त्याच्या जरा वर दिसला की घरात काळजी सुरू होते. हा आकडा आपल्यापर्यंत पोहोचला तो कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांच्या कामातून.

वुंडरलिश यांचा जन्म १८१५ साली नेकार नदीकाठच्या झुल्झ गावी झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी ट्युबिंगेनला घेतलं. १८५० साली ते लायपझिग विद्यापीठात प्राध्यापक आणि तिथल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्या काळी ताप हाच एक रोग समजला जाई. वुंडरलिश यांनी रुग्णांचं तापमान रोज, ठरलेल्या वेळी मोजून त्याचे आलेख काढायला सुरुवात केली. टायफॉइडचा ताप कसा चढतो, न्यूमोनियाचा कसा उतरतो, हे या आलेखांवरून दिसू लागलं. ताप हा रोग नसून रोगाचं लक्षण आहे, हे वैद्यकाला पटवण्यात त्यांचा वाटा मोठा होता. आजही रुग्णालयात खाटेशी लटकणारा तापाचा तक्ता ही त्यांचीच देणगी.

१८६८ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यामागे सुमारे २५ हजार रुग्णांच्या दहा लाखांहून अधिक नोंदी असल्याचं सांगितलं जातं. थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होता आणि तो काखेत पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवावा लागे. निरोगी माणसाचं सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस, हा त्यांचा निष्कर्ष. पण तो एकटा आकडा नव्हता. साधारण ३६.२ ते ३७.५ हा सगळा पट्टा त्यांनी निरोगी मानला होता. तापमान पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त असतं, वृद्धांचं थोडं कमी असतं, हेही त्यांनी नोंदवलं होतं.

घोटाळा पुढे झाला. ३७ ला ९ ने गुणून ५ ने भागलं आणि त्यात ३२ मिळवले की फॅरनहाइटमध्ये ९८.६ येतात. गणित बिनचूक आहे. पण ३७ म्हणताना आपण ‘सदतीसच्या आसपास’ असं समजतो. पूर्णांकात सांगितलेल्या ३७ मध्ये ३६.५ ते ३७.५ पर्यंतचं काहीही बसतं. फॅरनहाइटमध्ये ते होतं ९७.७ ते ९९.५. रूपांतरात मात्र दशांश चिन्हापुढे ६ आला आणि अंदाजाला काटेकोरपणाचा मुलामा चढला. मोजमापात नसलेली अचूकता गुणाकार-भागाकारातून येत नाही. पट्टा विसरला गेला, आकडा तेवढा उरला.

वुंडरलिश १८७७ साली वारले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९९२ साली, अमेरिकेतल्या संशोधकांनी १४८ निरोगी प्रौढांचं तापमान तोंडात थर्मामीटर ठेवून मोजलं. सरासरी आली ९८.२. नेमकं ९८.६ तर दर शंभर नोंदींपैकी जेमतेम आठांत सापडलं.

याचा अर्थ वुंडरलिश चुकले असा नाही. त्यांचा खरा धडा आकड्यात नव्हताच, तो वारंवार मोजण्यात आणि चढउतार पाहण्यात होता. संध्याकाळी ९९ दिसलं म्हणून धडधाकट माणसाने लगेच गोळी घ्यायला नको. उलट एरवी ९७ च्या आसपास असणाऱ्या आजोबांना ९९.५ भरलं आणि ते मलूल दिसत असतील, तर तो किरकोळ ताप समजून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावं. आपलं नेहमीचं तापमान किती असतं, हे बरं असतानाच दोन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून ठेवावं. आजारपणात तुलना करायची ती त्याच्याशी.