ब्रदर वॉलफ्रिड : मुलांच्या जेवणासाठी फुटबॉल क्लब काढणारे गुरुजी



एकाच शहरातील दोन फुटबॉल क्लबांचे वैर म्हटले की जगभरातील लोकांना स्कॉटलंडमधील ग्लासगो शहर आठवते. तेथे सेल्टिक आणि रेंजर्स हे दोन क्लब आहेत. सेल्टिक हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, रेंजर्स निळ्या रंगाचा. सेल्टिक कॅथलिकांचा आणि रेंजर्स प्रोटेस्टंटांचा, अशी विभागणी तेथे शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. या सामन्यांपायी शेजारी शेजाऱ्याशी भांडला, रस्त्यात रक्त सांडले. पण यांपैकी एक क्लब चर्चच्या हॉलमध्ये जन्माला आला, आणि तोही उपाशी शाळकरी मुलांच्या पोटात दुपारी चार घास पडावेत म्हणून, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो क्लब उभा करणाऱ्या ब्रदर वॉलफ्रिड यांच्या जीवनाची ओळख आज आपण करून घेऊ या.

त्यांचे मूळ नाव ॲन्ड्र्यू केरिन्स. १८ मे १८४० रोजी आयर्लंडमधील स्लायगो परगण्यात, बॅलीमोट गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते पाच वर्षांचे असताना बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचे सारे जेवण त्या एका पिकावर चालत असे. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व साथीच्या रोगांनी मेली, आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. भूक म्हणजे काय, हे ॲन्ड्र्यूने पुस्तकात वाचले नव्हते. आपल्या गावात डोळ्यांनी पाहिले होते.

पंधरा-सोळा वर्षांचा असताना तोही बोटीने ग्लासगोला आला आणि रेल्वेच्या कामावर मजुरी करू लागला. आपल्या सातपुड्यातून मजुरीसाठी गुजरातकडे जाणाऱ्या मुलांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. परक्या शहरात आयरिश मजुराला मान नव्हता. त्याची भाषा, त्याचा धर्म, त्याची गरिबी या सगळ्यांची टिंगल होई. तशा दिवसांत ॲन्ड्र्यूची ओळख मारिस्ट धर्मबंधूंशी झाली. गरीब मुलांना शिकवण्यासाठी संत मार्सेलिन शॅम्पान्या यांनी १८१७ साली फ्रान्समध्ये स्थापन केलेला हा संघ. १८६४ साली ॲन्ड्र्यूने या संघात प्रवेश केला आणि त्यांना ब्रदर वॉलफ्रिड हे नाव मिळाले. फ्रान्समध्ये प्रशिक्षण घेऊन ते ग्लासगोला परतले आणि शिक्षक झाले. १८७४ साली शहराच्या पूर्व भागातील सेक्रेड हार्ट शाळेची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

त्या भागात एकेका खोलीत आठ-दहा माणसे राहत. मुले अनवाणी शाळेत येत आणि पुष्कळ जण उपाशी येत. आज आपल्या शाळांतून पोषण आहार मिळतो. तेव्हा तशी कोणतीच सोय नव्हती. उपाशी मुलाच्या डोक्यात धडा शिरत नाही, हे ब्रदरांनी ओळखले. १८८४-८५ च्या सुमारास त्यांनी आणि शेजारच्या सेंट मेरी शाळेचे ब्रदर डोरोथिअस यांनी संत विन्सेंट डी पॉल संघटनेच्या मदतीने मुलांसाठी भोजनाची व्यवस्था सुरू केली. एका पेनीत गरम जेवण मिळे. ज्याच्याकडे पेनी नसे त्यालाही परत पाठवले जात नसे. त्यांना आणखी एक काळजी होती. शहरात प्रोटेस्टंट मंडळींची मोफत अन्नछत्रे होती आणि भुकेपायी मुले आपला धर्म सोडतील, अशी भीती कॅथलिकांना वाटे. म्हणजे या कामातही थोडी चढाओढ होतीच. पण ती कोण अधिक मुलांना जेवू घालतो, याची होती.

जेवणासाठी पैसा रोज लागे आणि वर्गणी पुरत नसे. त्याच सुमारास, १८८७ च्या फेब्रुवारीत, एडिंबरो शहरातील हायबर्नियन या आयरिश कॅथलिकांच्या क्लबने स्कॉटिश कप जिंकला. तो क्लबही कॅनन एडवर्ड हॅनन या धर्मगुरूंच्या पुढाकाराने निघाला होता. विजयी खेळाडूंचा सत्कार ग्लासगोच्या सेंट मेरी चर्चच्या हॉलमध्ये झाला. हा उत्साह पाहून ब्रदर वॉलफ्रिड यांच्या मनात आले, की आपल्याही भागात असा क्लब का असू नये? ६ नोव्हेंबर १८८७ रोजी त्याच हॉलमध्ये सभा झाली आणि क्लब स्थापन झाला. आयरिश आणि स्कॉटिश या दोन्ही लोकांचे मूळ केल्टिक, म्हणून दोघांनाही आपले वाटेल असे सेल्टिक हे नाव ब्रदरांनी सुचवले. भुकेल्या मुलांच्या भोजनासाठी निधी जमवणे हाच क्लबचा मुख्य हेतू, असे वर्गणीसाठी काढलेल्या पत्रकात स्पष्ट लिहिले होते. परिसरातील लोकांनी स्वतः राबून सहा महिन्यांत मैदान तयार केले.

२८ मे १८८८ रोजी सेल्टिकचा पहिला सामना झाला, आणि समोर संघ होता रेंजर्सचा! सेल्टिकने तो ५-२ असा जिंकला. सामना संपल्यावर दोन्ही संघ सेंट मेरी हॉलमध्ये गेले, एकत्र जेवले आणि गाण्याच्या कार्यक्रमाला एकत्र बसले. पुढे ज्यांच्या नावाने लोकांनी एकमेकांची डोकी फोडली, त्यांची पहिली भेट एका पंगतीत संपली होती.

दुर्दैवाने सगळेच असे गोड राहिले नाही. त्याच वर्षी सेल्टिकने हायबर्नियनचे कितीतरी चांगले खेळाडू आपल्याकडे ओढले. ज्यांच्या विजयावरून स्फूर्ती घेतली त्यांचाच क्लब काही वर्षांत बंद पडायच्या वेळेला आला. वैर परधर्मीयांशीच होते असे नाही. आपसातही होते, हे येथे दिसून येते.

१८९२ साली वरिष्ठांनी ब्रदर वॉलफ्रिड यांची बदली लंडनला केली. व्रतस्थाने आज्ञा पाळायची असते. त्यांनी क्लब मागे सोडला आणि तेथील गरीब वस्तीतल्या अनवाणी मुलांना शिकवू लागले, त्यांच्यासाठी फुटबॉलचे सामने भरवू लागले. इकडे ते गेल्यानंतर काही वर्षांतच मुलांच्या भोजनासाठी जाणारा पैसा थांबला. १८९७ साली क्लब भागधारकांची कंपनी झाला. मैदाने भरू लागली. सेल्टिक आणि रेंजर्स यांच्या सामन्याला सर्वाधिक गर्दी होई, म्हणून वैर हाच धंद्याचा आधार बनला. १७ एप्रिल १९०९ रोजी या दोघांचा अंतिम सामना दुसऱ्यांदा बरोबरीत सुटला. जादा वेळ खेळवला नाही म्हणून चिडलेले लोक मैदानात घुसले, तिकीटघरे जाळली. शंभराहून अधिक जण जखमी झाले आणि त्या वर्षी कप कोणालाच दिला गेला नाही.

त्यानंतर बरोबर सहा वर्षांनी, १७ एप्रिल १९१५ रोजी, डम्फ्रीज येथील मारिस्ट बंधूंच्या मठात ब्रदर वॉलफ्रिड यांनी देह ठेवला. तेथेच त्यांना पुरण्यात आले.

त्यांच्या मागे वैर वाढतच गेले. रेंजर्सने कित्येक दशके उघडपणे कॅथलिक खेळाडू घेतला नाही. १९८९ साली ही भिंत पडली. सेल्टिकने मात्र प्रोटेस्टंटांना दार बंद केले नव्हते. १९६७ साली त्यांनी युरोपियन कप जिंकला तेव्हाचे प्रशिक्षक जॉक स्टीन हे प्रोटेस्टंटच होते. तरी १९८० च्या अंतिम सामन्यानंतर दोन्हीकडचे समर्थक मैदानातच भिडले, आणि स्कॉटलंडमध्ये मैदानावर दारू नेण्यास कायद्याने बंदी आली. १९९५ साली सेल्टिकने पुन्हा धर्मादाय निधी सुरू केला, आणि २००५ साली मैदानासमोर ब्रदर वॉलफ्रिड यांचा पुतळा उभा राहिला.

हे सारे दूरदेशीचे आहे, असे समजण्याचे कारण नाही. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरला पेठेपेठेतील तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरून जाते. तेथील फुटबॉलप्रेम महाराष्ट्राला भूषण आहे, पण समर्थकांच्या हुल्लडबाजीने त्यालाही वेळोवेळी गालबोट लागले आहे. आपल्याकडेही पाड्यापाड्याचे सामने होतात, आणि कधी कधी एका आऊटवरून किंवा एका गोलवरून महिनोन्‌महिने बोलणे बंद होते.

आपल्या काठीच्या राजवाडी होळीला गावोगावचे लोक आपापले ढोल घेऊन येतात. प्रत्येकाला आपल्या गावाच्या ढोलाचा अभिमान असतो, तरी सारे एकाच होळीभोवती नाचतात. खेळातही असेच असावे. अभिमान असू द्या, जिंकण्याची ईर्ष्याही असू द्या. पण आपण कोणासाठी खेळतो, याचा विसर पडू नये. ब्रदरांचा क्लब मोठा झाला, पण मध्ये बराच काळ मुलांचे ताट विसरला. आपल्या तरुण मंडळाने पुढचा सामना ठेवताना दोन गोष्टी कराव्यात, असे आम्हांला वाटते. जमलेल्या वर्गणीतून एखाद्या गरजू मुलाच्या वह्या-पुस्तकांची सोय करावी. आणि सामना संपल्यावर हरलेल्या संघाला आपल्या अंगणात जेवायला बसवावे.