सुशीला नय्यर

डॉ. सुशीला नय्यर (जन्म : २६ डिसेंबर १९१४, मृत्यू : ३ जानेवारी २००१) या भारतीय डॉक्टर, स्वातंत्र्यसैनिक आणि राजकारणी होत्या. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालय व महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांच्या त्या संस्थापक होत. (याच जिल्ह्यातील हिंगणघाटचे बाबा आमटे यांची जन्मतारीखही हीच, हा एक योगायोग.)

त्यांचा जन्म पंजाबातील कुंजाह या गावी झाला. गांधीजींचे सचिव प्यारेलाल हे त्यांचे थोरले बंधू. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन १९३९ साली त्या सेवाग्रामला आल्या, तोच परिसरात पटकीची साथ उद्भवली. नवख्या डॉक्टरला ती जवळजवळ एकटीनेच हाताळावी लागली.

ऑगस्ट १९४२ मध्ये कस्तुरबांसह त्यांना अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. तेथे १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ या काळात गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण केले. अन्नावाचून शरीर बराच काळ तग धरते. पाण्यावाचून मात्र मूत्रपिंडांचे काम मंदावते आणि लघवीवाटे बाहेर पडावयाची द्रव्ये रक्तात साचू लागतात. या अवस्थेला युरेमिया म्हणतात. मळमळीमुळे गांधीजींना पाणी घेणेच अशक्य झाले, तेव्हा हाच धोका उभा राहिला. डॉ. गिल्डर, डॉ. बिधानचंद्र रॉय आणि सुशीलाताई यांचे लक्ष नाडीइतकेच लघवीच्या प्रमाणाकडे लागले होते. अखेर पाण्यात थोडा मोसंबीचा रस मिसळण्यास गांधीजींनी मान्यता दिली व संकट टळले. पाणी पिण्याजोगे व्हावे एवढ्यापुरता रस घेण्याची मुभा त्यांच्या उपोषणात आधीपासून होती, त्यामुळे व्रतभंगही झाला नाही. रुग्णाच्या निष्ठेला धक्का न लावता त्याचा जीव राखणे, ही कसोटी त्यांच्या वाट्याला पुढेही आली. कस्तुरबांच्या अखेरच्या आजारात पेनिसिलिन मागवले गेले होते, परंतु दर काही तासांनी सुई टोचण्यास गांधीजी राजी झाले नाहीत. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. जानेवारी १९४८ मधील दिल्लीच्या उपोषणातही लघवीत ॲसिटोन आढळल्याने डॉक्टरांना इशारा द्यावा लागला होता. गांधीहत्येच्या दिवशी मात्र सुशीलाताई दिल्लीत नव्हत्या. त्या बहावलपूरला गेल्या होत्या.

तुरुंगातून सुटल्यावर सेवाग्राम येथे बिर्लांच्या अतिथिगृहात त्यांनी स्त्रिया व मुलांसाठी छोटे रुग्णालय सुरू केले होते. तेच पुढील कस्तुरबा रुग्णालय. स्वातंत्र्यानंतर त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री, तेथील विधानसभेच्या अध्यक्ष, झाशीच्या खासदार आणि १९६२ ते १९६७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री अशी पदे त्यांनी भूषविली.

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, त्यांनी खेड्यात वैद्यकीय महाविद्यालय उभारले. प्रवेशपरीक्षेत पूर्वी असणारी गांधीविचारांची प्रश्नपत्रिका, खादीचा वापर आणि प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेणे, ही तेथील वैशिष्ट्ये. पुढे आसपासच्या गावांतील शेतकरी हंगामानंतर ज्वारीच्या रूपाने वर्गणी देऊन रुग्णालयाच्या आरोग्य योजनेत सहभागी होऊ लागले. डॉक्टर आणि औषधे यांविषयी गांधीजींना वाटणारी साशंकता सर्वश्रुत आहे. त्यांच्याच आश्रमाशेजारी हे महाविद्यालय उभे राहिले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

सुशीलाताई अविवाहित होत्या. संस्थेत सर्वजण त्यांना बडी बहेनजी म्हणत. सेवाग्राम येथेच त्यांचे निधन झाले.