अलेक्झांडर दुबचेक

स्लोव्हाकियांतील उह्रोवेत्स नांवाच्या खेड्यांत २७ नोव्हेंबर १९२१ रोजीं अलेक्झांडर दुबचेक ह्यांचा जन्म झाला. ज्या ल्युडोविट श्टूर ह्यांनीं स्लोव्हाक भाषेस लेखी रूप दिलें, तेहि त्याच घरांत जन्मले होते. दुबचेक ह्यांचे वडील सुतार. नव्या साम्यवादी राज्याच्या उभारणीस हातभार लावावा म्हणून १९२५ सालीं ते सहकुटुंब दूर किर्गिझ प्रदेशांत गेले. साम्यवाद असा मुलास ग्रंथांतून नव्हे, घरांतूनच मिळाला. पुढें १९४४ च्या नाझीविरोधी उठावांत दुबचेक लढले व जखमी झाले. त्यांचे बंधु त्यांत कामास आले.

जानेवारी १९६८ मध्यें ते चेकोस्लोव्हाकियाच्या साम्यवादी पक्षाचे प्रमुख झाले. त्यांनीं वृत्तपत्रांवरील बंधन काढलें आणि कारखान्यांस थोडी मोकळीक देण्याचें योजिलें. परंतु २० ऑगस्टच्या रात्रीं सोव्हिएट रणगाडे देशांत शिरले. दुबचेक ह्यांस धरून मॉस्कोस नेण्यांत आलें व तेथें त्यांनीं करारावर सही केली. त्या सहीबद्दल पुष्कळांनीं त्यांस दोष दिला. रक्तपात टाळावयाचा तर त्यांच्यापुढें दुसरा कोणता मार्ग होता, हें मात्र कोणी सांगत नाहीं! १९७० त पक्षानेंहि त्यांस बाहेर काढलें. मग वनखात्यांत साधी नोकरी आणि दाराशीं गुप्त पोलिसांचा पहारा, अशीं जवळजवळ वीस वर्षें गेलीं.

२४ नोव्हेंबर १९८९ रोजीं प्रागच्या चौकांत ते हावेल ह्यांच्यासह सज्जांत उभे राहिले, तेव्हां लाखों लोकांनीं जयघोष केला. त्याच सायंकाळीं पक्षाच्या पुढाऱ्यांनीं राजीनामे दिले. डिसेंबरांत दुबचेक लोकसभेचे अध्यक्ष झाले.

राज्य पालटलें, संसार पालटणें अवघड होतें. १ जानेवारी १९९१ पासून बहुतेक वस्तूंच्या किंमती मोकळ्या झाल्या आणि वर्षभरांत महागाई दीडपटीवर गेली. सरकारी कारखान्यांचे भाग कूपनांच्या पुस्तकांवर सामान्य नागरिकांस देण्याची योजना निघाली. ऐंशी लाखांहून अधिक लोकांनीं पुस्तकें घेतलीं. स्लोव्हाक भागांत मात्र शस्त्रांचे मोठे कारखाने मंदावले व बेकारी चेक भागाहून कितीतरी वाढली. ह्यामुळें फुटीच्या मागणीस जोर आला. दुबचेक फुटीच्या विरुद्ध होते.

१ सप्टेंबर १९९२ रोजीं प्रागच्या वाटेवर त्यांच्या मोटारीस अपघात झाला व ७ नोव्हेंबरास ते निवर्तले. १८ दिवसांनीं, ज्या सभेचे ते अध्यक्ष होते, तिनेंच राष्ट्राच्या विभाजनाचा कायदा संमत केला.