मातीतला ढाक मॅटवर कसा चालला? खाशाबा जाधवांच्या कुस्तीची गोष्ट

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ जिंकलं आणि सगळ्यांच्या मोबाईलवर एकच आकडा फिरायला लागला. ७२ वर्षं.

म्हणजे महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिम्पिकचं वैयक्तिक मेडल मिळायला ७२ वर्षं लागली. त्याआधीचं मेडल होतं १९५२ चं. पैलवान खाशाबा दादासाहेब जाधव यांचं.

खाशाबांचं नाव सगळ्यांना माहिती असतं. कर्ज काढून गेले, मेडल आणलं, पुढं सरकार विसरलं, एवढी गोष्टही माहिती असते. पण हा गडी लढायचा कसा? गावच्या मातीत तयार झालेला पैलवान थेट फिनलंडमध्ये जाऊन रशिया-जपानच्या मल्लांच्या रांगेत कसा बसला?

तेच बघू.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, तालुका कराड, जिल्हा सातारा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. घरातच तालमीचं वातावरण असल्यानं पहिले डाव वडिलांकडूनच मिळाले. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाली, पुढं कॉलेजसाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले.

कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी कुस्ती वाढवलेलं गाव. पेठापेठांत तालमी. इथं बाबुराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजींच्या हाताखाली खाशाबा तयार झाले.

अंगानं ते काही धिप्पाड नव्हते. सहा फुटी पैलवानांच्या गर्दीत हा पोरगा उठून दिसावा असं काही नव्हतं. पण दोन गोष्टी त्यांच्याकडं होत्या. एक म्हणजे चपळाई आणि दुसरा म्हणजे ढाक.

ढाक हा आपल्या मातीतला जुना डाव. समोरच्याची मान आणि हात आपल्या हाताच्या विळख्यात जखडायचे, कंबर त्याच्या पोटाखाली घालायची आणि एका झटक्यात त्याला आपल्या अंगावरून पलीकडं पाठीवर टाकायचं. या डावाला ताकदीपेक्षा वेळ महत्त्वाची. समोरचा पुढं झुकला त्याच क्षणी कंबर आत गेली पाहिजे. उशीर झाला तर आपलीच पाठ त्याच्या हातात जाते. उंची कमी असलेल्या पैलवानाची कंबर मुळातच खाली असते, त्यामुळं हा डाव खाशाबांना चपखल बसला.

१९४८ ला लंडन ऑलिम्पिक आलं. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला आणि २२ वर्षांचे खाशाबा लंडनला पोचले. गट फ्लायवेट, म्हणजे ५२ किलोचा.

तिथं गेल्यावर खरी अडचण कळली. मातीतली कुस्ती आणि मॅटवरची कुस्ती हे दोन वेगळे खेळ आहेत.

मातीत पैलवान अनवाणी उतरतो, पायाची बोटं मातीत रुतवून उभा राहतो. पाठ टेकली की निकाल. गुण नाहीत. मॅटवर पायात बूट, खाली गादी, पाय रोवायला काही नाही. तिथं गुणांवर कुस्ती सुटते. खाली पडल्यावर कुस्ती थांबत नाही, उलट गादीवर पालथं पडलेल्या माणसाला उलटा करायचा खेळ तिथूनच सुरू होतो. घड्याळही चालू असतं, त्यामुळं दमवून दमवून मारायचा मातीतला हिशोब तिथं कामाला येत नाही.

लंडनमध्ये खाशाबांना अमेरिकेचे माजी विश्वविजेते रीस गार्डनर यांनी मॅटवरच्या कुस्तीचे धडे दिले. तेवढ्या तयारीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवलं आणि सहावा नंबर काढला.

लोकांना कौतुक वाटलं, पण खाशाबांना चैन पडेना. पुढची चार वर्षं त्यांनी मॅटच्या नियमांत बसणारी कुस्ती घोटली. माती सोडली नाही, ढाकही सोडला नाही. फक्त तो डाव कधी टाकायचा आणि टाकल्यावर खाली काय करायचं, हे नव्यानं शिकून घेतलं.

१९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिक होतं. आता गट बँटमवेट, ५७ किलोचा.

पण भांडण निवडीपासूनच सुरू झालं. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबा एका गुणानं मागं पडले. गुण मुद्दाम कमी दिले, असं त्यांचं म्हणणं होतं. गप्प न बसता त्यांनी पटियालाच्या महाराजांकडं दाद मागितली. महाराज तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि स्वतः कुस्तीचे दर्दी. त्यांनी पुन्हा कुस्ती लावली, खाशाबांनी निरंजन दास यांना चितपट केलं आणि तिकीट मिळवलं.

तिकीट मिळालं, पण पैसे नव्हते. सरकारी मदत पुरणारी नव्हती. गोळेश्वर आणि कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. एका मास्तरानं विद्यार्थ्याच्या कुस्तीवर आपलं घर लावलं होतं.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. तेव्हाची पद्धत आजच्यासारखी नव्हती. हरलं की घरी, असं नसायचं. प्रत्येक कुस्तीनंतर दंडाचे गुण लागायचे. चितपट केलं तर शून्य, नुसतं गुणांवर जिंकलं तरी दंड लागायचा आणि ठराविक आकडा भरला की मल्ल बाहेर. म्हणजे ही पद्धत चितपट मारणाऱ्याच्या फायद्याची होती. आणि मातीतला पैलवान लहानपणापासून दुसरं काही शिकलेलाच नसतो.

शेवटी तिघं उरले. जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेयोव आणि गोळेश्वरचे खाशाबा.

इशी हा ज्युदोतून कुस्तीकडं आलेला. फेकाफेकीत तोही तयार. ही कुस्ती लांबली आणि खाशाबा थोडक्यात हरले. दम खायच्या आत त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला एकही भारतीय अधिकारी तिथं हजर नव्हता. खाशाबा दमलेल्या अंगानं लढले आणि हरले.

इशीला गोल्ड, मामेदबेयोवला सिल्व्हर आणि खाशाबांना ब्राँझ. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं ऑलिम्पिकमधलं हे पहिलं वैयक्तिक मेडल. त्याच स्पर्धेत ६२ किलोच्या गटात कोल्हापूरच्याच केशव माणगावेंचा चौथा नंबर आला, त्यांचं मेडल थोडक्यात हुकलं.

खाशाबा परत आले तेव्हा कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण मिरवणूक संपल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले. त्यातून आलेल्या पैशातून प्राचार्यांचं गहाण पडलेलं घर सोडवलं.

मेडलनं पोट भरत नव्हतं. १९५५ ला ते मुंबई पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. पोलिसांच्या स्पर्धांत जिंकले, पोरांना डाव शिकवले. २७ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी वर्षं बढतीची वाट बघण्यात गेली. असिस्टंट कमिशनर झाले ते निवृत्ती तोंडावर आल्यावर. त्यानंतर पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं.

१४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात खाशाबा गेले.

हयात असताना त्यांना ना पद्म मिळालं, ना अर्जुन. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो मृत्यूनंतर, २००० साली. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधल्या कुस्तीच्या हॉलला त्यांचं नाव देण्यात आलं. महाराष्ट्र सरकारनं त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला.

भारताला पुढचं वैयक्तिक मेडल मिळायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं टेनिसमधलं. कुस्तीत तर थेट २००८ साली, सुशील कुमारचं. मधल्या ५६ वर्षांत देशात चांगले पैलवान नव्हते असं नाही. पण मातीतल्या पोरांना मॅट मिळत नव्हती, आणि परदेशात त्यांच्या बाजूनं नियमावर बोट ठेवायला माणूस नसायचा.

आज कोल्हापूर-साताऱ्याच्या बऱ्याच तालमींत मातीच्या आखाड्याशेजारी मॅट अंथरलेली दिसते. सकाळी मातीत घाम गाळायचा आणि संध्याकाळी मॅटवर गुणांची कुस्ती खेळायची, हे आता पोरांच्या अंगवळणी पडलंय. खाशाबांना हेच सगळं वयाच्या २२ व्या वर्षी, लंडनमध्ये, ऐन स्पर्धेच्या तोंडावर शिकावं लागलं होतं.