विजय हजारे आणि पॅडमधली बॅट

शहापूर आज बेळगाव शहरात पूर्ण मिसळून गेले आहे. पण संस्थाने विलीन होईपर्यंत ते सांगलीकर पटवर्धनांच्या राज्यात होते, हे आपल्याकडच्या जुन्या घरांना ठाऊक आहे. सांगलीचा गणपती आणि सांगलीची हळद आपल्याला कधी परकी वाटली नाही. त्याच सांगलीत ११ मार्च १९१५ रोजी एका शाळामास्तरांच्या घरी एक मुलगा जन्मला. मराठी ख्रिस्ती कुटुंब, आठ भावंडे आणि बेताची मिळकत. विजय सॅम्युअल हजारे हे त्यांचे नाव. आज देशातल्या एकदिवसीय सामन्यांची मोठी स्पर्धा त्यांच्या नावाने ओळखली जाते. कर्नाटक आणि महाराष्ट्र ती खेळतात तेव्हा आपल्या सीमाभागातल्या घरांत कोणत्या बाजूने टाळ्या वाजवाव्यात असा गोड पेच पडतो.

हजारे यांचे विक्रम पुष्कळांनी लिहिले आहेत. इथे सांगायची आहे ती त्यांच्या बॅटची गोष्ट, आणि ती बॅट ओळखणाऱ्या एका माणसाची.

फलंदाजाने कसे उभे राहावे याचे नियम तेव्हाही ठरलेले होते. अंग आडवे, डावा खांदा गोलंदाजाकडे, बॅटचे टोक मागच्या पायाच्या बोटांशी टेकलेले, म्हणजे चेंडू सुटताच ती सरळ मागे उचलता येते. हजारे उभे राहत ते मात्र बॅट दोन पॅडच्या मध्ये धरून. बघणाऱ्याला वाटे, हिने आपली बॅट पायांत अडकवून ठेवली आहे. वेगवान चेंडू आला तर ती सोडवायची कधी आणि उचलायची कधी? शिकवणाऱ्याच्या डोळ्यांत खुपावी अशीच ती ढब होती.

शिवाय सुरुवातीला ते फलंदाज म्हणून पुढे आलेच नव्हते. १९३४-३५ च्या हंगामात ते महाराष्ट्राकडून रणजी सामन्यांत उतरले, तेव्हा मध्यमगती गोलंदाजी हे त्यांचे मुख्य काम मानले जाई. म्हणजे पारखणाऱ्यापुढे विशीतला एक अबोल तरुण होता. गोलंदाजी बरी, फलंदाजीही जमते, पण उभे राहणे विचित्र. अशा मुलाचे काय करायचे? बहुतेकांनी त्याला गोलंदाजच राहू दिले असते, किंवा आधी त्याची बॅट पॅडमधून बाहेर काढली असती.

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्लॅरी ग्रिमेट संस्थानी निमंत्रणावरून भारतात शिकवायला आले आणि हजारे त्यांच्या नजरेखाली आले. हा योग समजून घ्यायचा तर ग्रिमेट कोण होते ते पाहिले पाहिजे. जन्म न्यूझीलंडचा, १८९१ सालच्या नाताळचा. अंगाने बारीक, टक्कल पडलेले, मनगटी फिरकी टाकणारे. हात उंच न नेता जवळजवळ खांद्याच्या रेषेतून चेंडू सोडण्याची त्यांची पद्धत पुस्तकात बसणारी नव्हती. संधीच्या शोधात ते न्यूझीलंड सोडून सिडनीला गेले, तिथून मेलबर्नला, आणि अखेर ॲडलेडला त्यांचे बस्तान बसले. घराच्या परसात ते तासन् तास सराव करत आणि चेंडू परत आणून द्यायला त्यांनी पाळलेल्या कुत्र्याला शिकवले होते. ऑस्ट्रेलियाकडून पहिली कसोटी मिळाली तेव्हा त्यांनी तेहतिशी ओलांडली होती, आणि त्या पहिल्याच कसोटीत त्यांनी ११ बळी घेतले. पुढे ३७ कसोटींत २१६ बळी झाले. कसोटीत २०० बळींचा टप्पा गाठणारे ते पहिले गोलंदाज.

ज्या माणसाची स्वतःचीच ढब लोकांनी वर्षानुवर्षे संशयाने पाहिली, त्याने हजारे यांची ढब पाहिली. त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, गोलंदाजीपेक्षा फलंदाजीवर जोर द्यायला सांगितले. दुसरी, ती पॅडमधली बॅट होती तिथेच राहू दिली.

यात आळस नव्हता, पारख होती. चेंडू येण्यापूर्वी बॅट कुठे आहे हे प्रेक्षकाला दिसते. चेंडू येऊन पोचतो त्या क्षणी बॅट कुठे आहे हे गोलंदाजाला दिसते. हजारे यांची बॅट त्या क्षणी सरळ असे, डोके स्थिर असे, आणि चेंडू अखेरपर्यंत पाहून खेळला जाई. ग्रिमेट यांनी आयुष्यभर फलंदाजांच्या चुका हेरून बळी मिळवले होते. ज्याच्या उभे राहण्यात दोष दिसतो पण खेळण्यात फट सापडत नाही, त्याला हात लावायचा नसतो, हे त्यांना कळत होते.

निकाल लवकरच दिसला. १९३९-४० च्या हंगामात पुण्याला बडोद्याविरुद्ध हजारे यांनी महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यात त्रिशतक करणारे ते पहिले भारतीय. प्रा. दि. ब. देवधरांच्या महाराष्ट्र संघाने त्या वर्षी रणजी करंडकही जिंकला. मग १९४१ मध्ये हजारे बडोद्याला गेले आणि कायमचे बडोद्याचे झाले.

त्या काळी मुंबईत धर्मावर विभागलेल्या संघांची पंचरंगी स्पर्धा होई. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि ज्यांना यांपैकी कशात जागा नाही त्यांचा ‘दि रेस्ट’, म्हणजे उरलेल्यांचा संघ. हजारे ख्रिस्ती, म्हणून उरलेल्यांत. १९४३-४४ साली ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिंदू संघाने विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावांसह ५ बाद ५८१ वर डाव सोडला. उत्तरादाखल उरलेल्यांचा संघ १३३ धावांत गुंडाळला गेला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या. धाकटे भाऊ विवेक यांच्यासोबत त्यांनी ३०० धावांची भागी केली. त्यात विवेक यांचा वाटा अवघा २१ धावांचा, पण तो गडी तासन् तास दुसऱ्या टोकाला उभा राहिला. सामना डावाने गेला, तरी मुंबईकर त्या दिवशी हरलेल्या फलंदाजाबद्दल बोलत घरी गेले असतील. पुढे मार्च १९४७ मध्ये होळकर संघाविरुद्ध रणजीच्या अंतिम सामन्यात हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. तो जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला.

तरी खरी परीक्षा वेगाची होती. पॅडमधली बॅट वेळेवर सुटेल का, हा प्रश्न जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला सुटला. समोर लिंडवॉल आणि मिलर. ऑस्ट्रेलियाच्या ६७४ धावा. हजारे यांनी पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्या डावात १४५ धावा केल्या. त्या दुसऱ्या डावात लिंडवॉल यांनी सात बळी घेतले होते. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे हजारे पहिले भारतीय ठरले, आणि तेही ग्रिमेट यांच्या गावात. गोलंदाजीही त्यांनी सोडली नव्हती. याच दौऱ्यात सिडनीला त्यांनी ब्रॅडमन यांचा १३ धावांवर त्रिफळा उडवला. आणि गंमत अशी की ब्रॅडमन यांची बॅट धरण्याची व फिरवण्याची पद्धतही शाळेच्या पुस्तकातली नव्हती.

कर्णधारपद त्यांच्या स्वभावाला फारसे मानवले नाही. १४ कसोटींत त्यांनी नेतृत्व केले आणि विजय एकच मिळाला. पण तो फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध मिळालेला भारताचा पहिलावहिला कसोटी विजय होता. त्याच वर्षी लीड्सला ट्रूमन यांच्या वेगापुढे भारताचे चार गडी शून्यावर बाद झाले, तेव्हा हजारे यांनी दत्तू फडकर यांना साथीला घेऊन १०५ धावांची भागी केली. पडझडीत उभे राहणे हेच त्यांचे बोलणे होते.

३० कसोटींत २,१९२ धावा, सात शतके, ४७.६५ ची सरासरी. प्रथम श्रेणीत १८,७४० धावा, ६० शतके, आणि ज्याला गोलंदाजी दुय्यम ठेवायला सांगितले होते त्याचे ५९५ बळी. १९६० मध्ये पद्मश्री. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात त्यांचे निधन झाले.

आज आपल्या बेळगाव-निपाणीकडची मुले उन्हाळी शिबिरांत जातात आणि पालक जाळीबाहेर उभे राहून पाहतात. एखाद्याचे उभे राहणे वेगळे दिसले की पहिली सूचना बाहेरूनच येते: सरळ उभा राहा, त्याच्यासारखा उभा राहा. मूल ऐकते, कारण मुले ऐकतात. चार महिन्यांनी ते इतरांसारखे दिसू लागते आणि धावा मात्र आटतात. सगळेच वेगळेपण जपण्यासारखे असते असे नाही, खरा दोष वेळीच सुधारावा लागतो. पण दोष कोणता आणि निव्वळ वेगळेपण कोणते, हे ठरवण्यापूर्वी चेंडू बॅटवर येईपर्यंत थांबून पाहावे लागते. गाण्यात, चित्रात, अभ्यासातही तेच.

ग्रिमेट यांनी सांगलीच्या त्या अबोल मुलाला नवे असे थोडेच दिले. त्याच्याजवळ होते ते काढून घेतले नाही, हेच त्यांचे मोठे देणे. आपल्या मंडपात यंदा जी मुले स्टेजवर येतील, त्यांच्याकडे पाहताना एवढे लक्षात राहिले तरी पुरे.